मोडेम फर्मवेअर (फोनमधल्या नेटवर्कच्या चिपचं सॉफ्टवेअर) बदललं की रेंज वाढते, माझ्या घरी वाढलीये. तुमचं मत काय?

सप्तलिंगीकाठ:
थेट सांगतो. आमचं घर संगमेश्वर तालुक्यात, देवरुखपासून बरंच आत, दोन डोंगरांच्या मध्ये बेचक्यात. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, दीड हात जाड, वर कौलं, पडवीला पत्रा. घरात रेंज नाहीच. पडवीच्या तिसऱ्या खांबाला खिळा आहे, त्याला पिशवीत फोन टांगून ठेवायचा, तिथे एक दांडी यायची. रिंग वाजली की आई माजघरातून धावत यायची आणि फोन खिळ्यावरून काढला की कॉल कट, म्हणून तिथेच स्पीकर लावून खांबाला टेकून बोलायचं, पावसाची झड अंगावर येत असली तरी. तिचं वय एकाहत्तर. फोन भावाने दुबईहून आणलेला, फोनचं आणि सिमचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण विषय तो नाही.

गणपतीला गेलो तेव्हा बूटलोडर (बाहेरचं सॉफ्टवेअर टाकू न देणारं फोनचं कुलूप) उघडून त्याच मॉडेलचं भारतातलं सॉफ्टवेअर मोडेमसकट फ्लॅश मारलं, म्हणजे जुन्याच्या जागी भरलं. एका दांडीच्या तीन दांड्या झाल्या. कॉल कट व्हायचा बंद झाला, गेल्या तीन आठवड्यांत आईचा एकही कॉल मधे तुटलेला नाही.

हे काही नवीन नाही. २०११-१२ मधे गॅलेक्सी एस२ होता तेव्हा लोक एकाच फोनवर आठ-दहा मोडेम टाकून बघायचे, फाईलच्या नावात एक्सएक्स असलेला युरोपचा, डीडी असलेला भारताचा, आणि आपल्या एरियात जो चालेल तो ठेवायचे. आता कोणी विचारलं की सगळे घाबरवतात, ‘डेड होईल, हात लावू नको’. अरे पण गावाने टॉवरसाठी अर्ज करून वर्षं गेली, माणसाने करायचं काय? माझं स्पष्ट मत, ज्याच्या घरी रेंज नाही त्याने हे करून बघावं.

मिरजेचा_रिपेरवाला:
दादा तुमच्या आईचा फोन लागतोय हे वाचून बरं वाटलं, पण शेवटचं वाक्य काढा प्लीज. माझं मोबाईल रिपेरिंगचं दुकान आहे, असं कुठेतरी वाचून आलेली पोरं माझ्या काउंटरवर येतात म्हणून सांगतो. गेल्याच महिन्यात एक कॉलेजचा मुलगा मीडियाटेक चिपचा सेट घेऊन आला, हॉस्टेलवर रेंज कमी म्हणून दुसऱ्या देशाची फाईल टाकायला बसला, फ्लॅश टूलमधे ‘डाउनलोड ओन्ली’ऐवजी ‘फॉरमॅट ऑल’ दाबलं. सेट चालू झाला, कॅमेरा वगैरे सगळं चालतंय पण दोन्ही आयएमईआय (फोनचे ओळख नंबर) गायब, बेसबँड अननोन, म्हणजे सेटला स्वतःचा मोडेमच ओळखू येईना. का, तर एनव्हीरॅम, म्हणजे मोडेमची खास माहिती ठेवायची जागा, पुसली गेली. त्यात नुसता आयएमईआय नसतो, फॅक्टरीत त्या एका सेटचं रेडिओचं कॅलिब्रेशन (बारीक जुळवणी) करून ठेवलेलं असतं, प्रत्येक सेटचं वेगळं. क्वालकॉमच्या चिपमधे तेच मोडेमएसटी१, मोडेमएसटी२ नावाच्या भागांमधे असतं. बॅकअप नसेल तर गेलं ते गेलं. दुसऱ्याच्या सेटमधलं आणून यात भरलं तर रेंज उलट आणखी पडू शकते.

मग ही पोरं म्हणतात काका बॉक्सवर आयएमईआय नंबर आहे तो सेटमधे लिहून द्या ना. मी नाही देत. २०२३ च्या टेलिकम्युनिकेशन कायद्याच्या कलम ४२ मधे अशा ओळख नंबराशी छेडछाड केली तर तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड आहे. नंबर खरा आहे हे तू मला सांगशील, मी कोणाकोणाला सांगत बसू? तो मुलगा रडकुंडीला आला होता, ऑथराइज्ड सेंटरला पाठवला तर त्यांनी बोर्ड बदलायचा खर्च सांगितला, सेटच्या किमतीच्या अर्ध्याहून जास्त. घरच्यांनी हप्त्यावर घेतलेला फोन तो.

दशांश:
मी रेडिओच्याच कामात आहे, बारा वर्षं टॉवरच्या मागे फिरतेय. सप्तलिंगीकाठ, तुमचा त्रास खरा आहे, पण ‘एकाच्या तीन दांड्या’ हा पुरावा नाही. दांडी म्हणजे मोजमाप नव्हे, किती सिग्नलला किती दांड्या काढायच्या ते फोनचं सॉफ्टवेअर ठरवतं. २०१० मधे आयफोन ४ च्या वेळी हात लागला की दांड्या पडतात म्हणून बोंब झाली, तेव्हा ॲपलने स्वतः जाहीर सांगितलं की आमचं दांड्या मोजायचं सूत्रच साफ चुकीचं होतं, आणि त्या जुलैत ४.०.१ अपडेट देऊन ते बदललं. त्या अपडेटने हवेतला सिग्नल काडीभरही वाढला नाही, चित्र बदललं.

आकडा बघायचा तो आरएसआरपी, म्हणजे टॉवरच्या सिग्नलची फोनपर्यंत पोचलेली ताकद, ती डीबीएममधे मोजतात. उणे ८५ म्हणजे छान, उणे ११० म्हणजे कसंबसं, उणे १२० म्हणजे संपलं. तीन डीबी वाढले तर सिग्नल दुप्पट, दहा वाढले तर दहापट. आधीचा आणि नंतरचा आकडा आहे का तुमच्याकडे? त्याच खिळ्यावरचा, त्याच सेलचा (टॉवरच्या त्याच भागाचा)?

आणि फर्मवेअर काय करू शकत नाही तेही ऐका. अँटेना आहे तीच राहणार. ४जीवर फोन टॉवरकडे सहसा जास्तीत जास्त २३ डीबीएमने, म्हणजे साधारण २०० मिलीवॅटने बोलतो, ती मर्यादा स्टँडर्डमधेच आहे. ७०० मेगाहर्ट्झचा बँड २८ (फ्रिक्वेन्सीचा पट्टा) ज्या फोनच्या हार्डवेअरमधे नाही त्यात तो कुठल्याही फाईलने येणार नाही. डोंगर तर हलणारच नाही. फर्मवेअर ठरवतं ते वेगळं, कुठला सेल पकडायचा, कधी सोडायचा, दोन बँड एकत्र कसे वापरायचे, कॉल कुठल्या मार्गाने न्यायचा. तुमच्याकडे यातलंच काही बदललंय असा माझा अंदाज आहे, पण तुम्ही मोडेम आणि बाकीचं सॉफ्टवेअर एकदमच बदललंत, त्यामुळे कशाने काय झालं ते कोणीच सांगू शकत नाही.

घाटवाट:
ताई तुमचं बरोबर असेल पण मग मला सांगा कंपनी स्वतः काय करते? पिक्सेल ६ आला तेव्हा नेटवर्कच्या किती तक्रारी होत्या, गूगलने त्या अपडेटनेच सुधारत नेल्या, अँटेना बदलून नाही दिल्या. आणि ते अपडेट यायच्या आधीच लोकांनी बीटामधली (चाचणीच्या आवृत्तीतली) मोडेमची फाईल काढून फास्टबूटने, म्हणजे कॉम्प्युटरला जोडून, टाकली होती, कितीतरी जणांना फरक पडला. म्हणजे फर्मवेअरने सुधारतं हे कंपनीला मान्य, पण आपण केलं की मूर्खपणा, असं कसं? फोन आपल्या पैशाचा आहे. माझ्याकडे भोरच्या वरच्या अंगाला ट्रेकला जाताना एका जुन्या मोडेमवर फोन धरून राहतो, नव्यावर शोधत बसतो आणि बॅटरी संध्याकाळपर्यंत संपते. मी जुना मोडेमच ठेवलाय दोन वर्षं, आणि ठेवणार.

दशांश:
दोन वर्षं जुना मोडेम, हे वाचून मला खरंच काळजी वाटली. मार्च २०२३ मधे गूगलच्याच प्रोजेक्ट झीरोने (सुरक्षेतल्या त्रुटी शोधणारी टीम) सॅमसंगच्या एक्झिनॉस मोडेममधल्या अठरा त्रुटी जाहीर केल्या होत्या. त्यातल्या चार अशा की हल्लेखोराला फक्त तुमचा मोबाईल नंबर माहीत असला की पुरे, तुम्ही कुठलीही लिंक दाबायची गरज नाही. अपडेट येईपर्यंत वायफाय कॉलिंग आणि व्होल्टी (४जीवरूनच कॉल) बंद ठेवा असं त्यांना सांगावं लागलं, आणि पिक्सेल ६, पिक्सेल ७ हेच फोन त्या यादीत होते. जुना मोडेम ठेवणं म्हणजे अशी सगळी भोकं उघडी ठेवणं, आणि त्याच फोनमधे तुमचे बँकेचे ओटीपी येतात. कंपनीने नवा मोडेम देणं आणि आपण जुना किंवा परका उचलून टाकणं यात फरक आहे तो हा. कंपनी तो त्या हार्डवेअरवर तपासून देते, काही बिघडलं तर निस्तरायला बांधील असते. बाकी फोन तुमच्या पैशाचा आहे हे शंभर टक्के मान्य.

घाटवाट:
एक्झिनॉसचं मान्य, माझा क्वालकॉम आहे. तरी जुन्याचा धोका आहे हे पटतंय, बघतो. पण ‘निस्तरायला बांधील’ हे नाही पटत, दोन-तीन वर्षांनी बऱ्याच फोनचे अपडेटच बंद होतात, मग कोण बांधील?

शारजाहून:
मी इथे चौदा वर्षं आहे, मूळचा खेडचा. सप्तलिंगीकाठ, एकच प्रश्न. आधीच्या सॉफ्टवेअरवर कॉल लावला की वरचं ४जी जाऊन ‘ई’ (२जीची खूण) यायचं का? कारण माझ्या बहिणीच्या फोनला अगदी हेच. इथल्या बाजारातला फोन, त्यात भारतातल्या कंपन्यांचं व्होल्टीचं प्रोफाईलच नसतं कधीकधी. नेट ४जीवर चालतं, कॉल आला की फोन २जीवर उतरतो, आणि आमच्या खाडीकडच्या वाडीत २जी म्हणजे पलीकडच्या तीरावरचा जुना टॉवर. २०१६ च्या सप्टेंबरमधे जिओ आलं तेव्हाचं आठवा, ४जी फोन हातात पण व्होल्टी नाही म्हणून साधा कॉल लागायचा नाही, वेगळं ॲप टाकावं लागायचं. त्यातलाच प्रकार. इथून व्हॉट्सॲपवर कॉल लागत नाही, साधाच कॉल करावा लागतो, त्यामुळे तो टिकणं न टिकणं काय असतं ते आम्हाला विचारा.

सप्तलिंगीकाठ:
‘ई’ यायचं. शारजाहून, तुम्ही बरोबर नस पकडलीत, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

दशांशताईंनी आकडा मागितला म्हणून शनिवार-रविवार गावी जाऊन तेच करत बसलो. आधी मोडेमएसटी१ आणि २ चा बॅकअप काढून पेनड्राइव्हवर आणि लॅपटॉपवर दोन्हीकडे ठेवला, रिपेरवाल्यांचं वाचून हात थरथरत होता हे खरं. मग भारतातलं सॉफ्टवेअर तसंच ठेवून फक्त मोडेम दुबईचा परत टाकला. फोन खिळ्याला टांगून अर्धा तास आकडे लिहिले, मग भारताचा मोडेम, पुन्हा अर्धा तास, मग पुन्हा दुबईचा, मग पुन्हा भारताचा. सेलचा नंबर चारही वेळा तोच.

दुबईचा मोडेम: उणे ११३, कधी ११५. भारताचा मोडेम: उणे ११३, कधी ११२. म्हणजे सारखंच. आणि दांड्या दोन्हीवर तीन! म्हणजे दांड्या मोडेमने नाही, भारतातल्या सॉफ्टवेअरने वाढवून दाखवल्या होत्या. हे बघून मी खांबापाशी बराच वेळ नुसता उभा होतो.

पण पुढचं ऐका. दुबईच्या मोडेमवर कॉल लावला की ‘ई’, दोन-तीन मिनिटांत कट, सहापैकी चार वेळा. भारताच्या मोडेमवर ४जी तसंच, एचडी (व्होल्टी कॉलची खूण) दिसतं, सहापैकी एकही कट नाही. माजघरात उणे १२० दाखवतं तिथेसुद्धा कॉल लागला. थोडं खरखरतं, पण शब्द कळतात. ४जीचा टॉवर आमच्या समोरच्या सड्यावर आहे, २जीचा जुना टॉवर डोंगराच्या मागे. आईला आरएसआरपी सांगून काय उपयोग, ती म्हणते आता ऐकू येतं. तर मोडेम बदलल्याने फायदा झाला हे माझं म्हणणं मी सोडत नाही.

दशांश:
हे तुम्ही फार चांगलं केलंत, मनापासून सांगते, इतकं नीट मोजून कोणी सांगत नाही. पण आता शीर्षक चुकीचं ठरलं हे तुम्हीच दाखवलंत. रेंज वाढलेली नाही, कॉलचा मार्ग बदललाय. हा फरक शब्दांचा नाही. भारतातच घेतलेला फोन, व्होल्टी आधीपासून चालू, अशा माणसाने तुमचं शीर्षक वाचून मोडेम बदलला तर त्याला उणे ११३ चे उणे ११३ मिळतील आणि वर धोका सगळा त्याचा.

सप्तलिंगीकाठ:
बरोबर आहे. शीर्षक आता बदलता येत नाही, पण पहिल्या पोस्टमधलं ‘करून बघावं’ हे मी मागे घेतो. ‘परदेशी फोन असेल आणि कॉलला ई येत असेल तर’ एवढं जोडून वाचा.

घाटवाट:
मी नाही मागे घेणार. त्यांनी प्रयोग केला म्हणून तर कारण कळलं, कोणी फ्लॅशच मारलं नसतं तर आई अजून खांबाला टेकून उभी असती. वायफाय कॉलिंग वापरा असं म्हणणारे येतीलच, ते २०१९-२० पासून आहे मला माहितीये, पण आमच्याकडे लाईट गेली की राउटर बंद आणि फायबर अजून गावात पोचलेलं नाही.

लांज्याची_माहेरवाशीण:
माझ्या बाबांकडे मस्कतहून आणलेला फोन आहे आणि कॉल लागला की अगदी हेच, ‘ई’ येतं आणि तुटतं. बाबा एकटे असतात, बीपीचा त्रास आहे, फोन तुटला की माझा जीव वरखाली होतो. मला लॅपटॉपचं काही येत नाही. कुठला मोडेम टाकू?

मिरजेचा_रिपेरवाला:
ताई, कुठलाच टाकू नका, आधी हे करा. सेटिंगमधे सिमच्या पानावर व्होल्टी किंवा ४जी कॉलिंगचं बटण आहे का बघा, असलं तर चालू करा. मग डायलरवर *#*#४६३६#*#* दाबा, फोनची माहिती उघडा, वर कोपऱ्यात तीन ठिपके आहेत त्यात आयएमएस सर्व्हिस स्टेटस असतं (व्होल्टी त्याच्यावरच चालते), तिथे रजिस्टर्ड दिसतंय का ते मला सांगा. सगळ्या सेटवर हे पान उघडत नाही, नाही उघडलं तर घाबरू नका. शाओमीचा सेट असेल तर *#*#८६५८३#*#* दाबून सिम कंपनीची व्होल्टी तपासणी बंद होते, बऱ्याच सेटमधे तेवढ्यानेच काम होतं. तरी नाही झालं तर सिम कंपनीला फोन करून त्या नंबरला व्होल्टी चालू आहे का विचारा, जुनं ३जीचं सिम असेल तर बदलून घ्या, सिम कंपनीच्या गॅलरीत लगेच मिळतं. एवढं सगळं करून अडलं तर भारतातला साधा ४जी फोन घेऊन द्या बाबांना. बूटलोडर उघडला की काही बँकांची ॲप चालत नाहीत, आणि वरून पेन्शनचा मेसेज त्याच फोनवर येत असेल ना?

लांज्याची_माहेरवाशीण:
हो त्याच फोनवर येतो. बाबांना आत्ता फोन लावून नंबर दाबायला सांगते, तुटला तर परत लावते.