मदत हवी आहे: टीव्हीवर मराठी सबटायटल दिसत नाहीत (रविवारच्या आत!)

धुळ्याची_सून | बुधवार, रात्री १०:५२
व्हिडिओ एमपी४ आहे, सबटायटल वेगळ्या फाइलमध्ये. लॅपटॉपवर व्यवस्थित दिसतात, टीव्हीवर नाही. तीन-चार ऑनलाइन कन्व्हर्टर वापरून झाले. एकाने मधोमध स्वतःचं नाव छापून दिलं, बाकीच्यांनी अर्ध्यात मान टाकली. रविवारी कार्यक्रम आहे. नवरा म्हणतोय सबटायटलचा नाद सोड. ते होणार नाही. गूगल करून झालंय, कृपया तेच सांगू नका.

पानगळ | रात्री ११:०५
टीव्ही किती साली घेतलेला? पेनड्राइव्ह लावताय की वायफायवरून दाखवताय? सबटायटलची फाइल एसआरटी आहे का? आणि ‘दिसत नाहीत’ म्हणजे नक्की काय? काहीच येत नाही, चौकोन येतात की प्रश्नचिन्हं येतात? तिन्ही दुखणी वेगळी आहेत.

सातारी_तर्री | रात्री ११:११
एवढा उपद्व्याप कशाला? लॅपटॉपला एचडीएमआय केबल लावा, व्हीएलसी प्लेअरमध्ये फाइल उघडा, संपलं. दोनशे-तीनशे रुपयांची केबल. आमच्याकडे दहा वर्षं असंच चालू आहे.

चकलीचा_सोऱ्या | रात्री ११:३४
माझा अंदाज, फ्रेमरेटचा घोळ असणार. सिनेमा सेकंदाला २३.९७६ फ्रेमचा आणि सबटायटल २५ च्या प्रतीवरून बनवलेले असले की दोन तासांच्या सिनेमात शेवटाला जवळपास पाच मिनिटांचा फरक पडतो. सबटायटल एडिट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात फ्रेमरेट बदलायची सोय आहे. मी याच पद्धतीने निदान शंभर सिनेमे जुळवलेत.

पानगळ | रात्री ११:४०
सोऱ्या, त्यांचे सबटायटल पुढेमागे होत नाहीयेत रे. दिसतच नाहीत.

धुळ्याची_सून | गुरुवार, सकाळी ७:२०
सिनेमा नाहीये हो! आमच्या आजेसासूबाईंचं रविवारी सहस्रचंद्रदर्शन आहे. त्यांची ५२ मिनिटांची मुलाखत घेतली आहे, पुतण्याने फोनवर शूट केली. त्या अख्खा वेळ अहिराणीत बोलल्यात. माझ्या माहेरची माणसं चिपळूणची, त्यांना त्यातलं निम्मं कळत नाही, म्हणून मराठी सबटायटल. दीर-जाऊ कॅनडात, त्यांच्या मुलांसाठी इंग्रजी. दोन रात्री जागून मी नोटपॅडमध्ये टाइप केलेत. एसआरटीच आहे.

टीव्ही कार्यक्रमाच्या हॉलचा आहे, ४३ इंची, २०१६-१७ चा असावा. भिंतीला इतका चिकटून बसवलाय की मागे हात जात नाही, फक्त बाजूचं यूएसबी हाताशी येतं. म्हणजे केबल बाद.

आणि काल सांगायचं राहिलं, १४ पेनड्राइव्ह आणलेत. भावकीत प्रत्येक घरी एक द्यायचा आहे.

पानगळ | सकाळी ७:४१
हे चौदा घरांचं प्रकरण कालच सांगितलं असतं तर! म्हणजे चौदा वेगवेगळे टीव्ही, त्यातले काही साधे, काही अगदी जुने. प्रश्नच बदलला. आता कुठेही चालेल अशी एकच फाइल बनवायला हवी.

आधी एक करून पाहा. व्हिडिओ आणि एसआरटी एकाच फोल्डरमध्ये, दोन्हींचं नाव अक्षरन्‌अक्षर एकच (शेवटचा ठिपका आणि त्यापुढचं सोडून). बरेच टीव्ही नाव जुळलं तरच सबटायटल उचलतात. मग काय दिसतं ते सांगा.

धुळ्याची_सून | सकाळी ८:१५
नावं वेगळी होती!! व्हिडिओचं ‘आजी फायनल नवीन २’ आणि सबटायटलचं ‘आजी मराठी’. आता घरच्या टीव्हीवर सबटायटल येतायत, पण वाचता येत नाहीत. ‘किती’मधली पहिली वेलांटी क च्या पुढे जाऊन पडते. ‘प्रत्येक’ म्हणजे प, पाय मोडलेला, मग र सुटा. शेजारच्यांकडे लावून पाहिलं तर नुसते चौकोन.

अर्धा_चहा | सकाळी ९:०२
नोटपॅडमध्ये सेव्ह करताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) एएनएसआय राहिलं असणार, त्यात देवनागरी मावत नाही. यूटीएफ-८ करा, त्यात मावते. २०१९ च्या आधीच्या विंडोजमध्ये नोटपॅड आपणहून एएनएसआयच धरायचं. हमखास हेच.

पानगळ | सकाळी ९:१०
हे नाही. एएनएसआयमध्ये सेव्ह झालं असतं तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं उरली असती आणि लॅपटॉपवरही तीच दिसली असती. त्यांची फाइल ठीक आहे, टीव्ही कच्चा आहे. शेजारच्या टीव्हीत देवनागरी फॉन्टच नाही, म्हणून चौकोन. घरच्यात फॉन्ट आहे पण अक्षरं जोडायची अक्कल नाही. यूनिकोडमध्ये ‘कि’ साठवताना आधी क आणि मग वेलांटी अशीच साठवतात, वेलांटी उचलून क च्या अलीकडे मांडणं हे दाखवणाऱ्या यंत्राचं काम. तुमचा टीव्ही ते करत नाही, आला क्रम तसाच ओततो. रोमन लिपीला ही भानगड नाही, त्यामुळे तुमचे इंग्रजी सबटायटल तिथे बिनबोभाट चालतील.

उपाय एकच, सबटायटल चित्रात बर्न करायचे. मग टीव्हीला अक्षरं समजायची गरजच नाही, त्याच्या लेखी ते चित्र.

सातारी_तर्री | सकाळी ९:३०
बर्न करणं म्हणजे चांगल्या व्हिडिओची वाट लावणं. अख्खा व्हिडिओ पुन्हा एन्कोड होणार, दर्जा घसरणार, आणि उद्या एक शब्द चुकलेला सापडला की परत पहिल्यापासून. एमकेव्ही म्हणजे व्हिडिओ आणि सबटायटल एकत्र ठेवणारी फाइल, तिच्यात दोन्ही भाषांचे सबटायटल घाला. व्हिडिओला हातही लागत नाही, दोन मिनिटांचं काम, रिमोटवरून भाषा बदला. सुज्ञ माणसं असंच करतात.

पानगळ | सकाळी ९:३८
सुज्ञ माणसांच्या टीव्हीला वेलांटी कळत असेल. एमकेव्हीत घातले तरी अक्षरं जोडणार टीव्हीच ना?

सातारी_तर्री | सकाळी ९:४४
मग लोकांनी टीव्ही बदलावेत. २०१७ चा टीव्ही कोण वापरतं?

बोरीबंदर | सकाळी ९:५०
आमच्याकडे २०११ चा आहे आणि छान चालतो. (ह. घ्या.)

धुळ्याची_सून | सकाळी १०:०५
बर्न म्हणजे सीडी बर्न करतात तसं का? माझ्याकडे सीडी रायटर नाही.

पानगळ | सकाळी १०:३१
नाही नाही. बर्न म्हणजे अक्षरं चित्रावर कायमची उमटवणं. हँडब्रेक नावाचं सॉफ्टवेअर उतरवून घ्या, फुकट आहे. व्हिडिओ त्यात उघडा आणि तयार सेटिंगमधलं ‘फास्ट १०८०पी३०’ निवडा. व्हिडिओ एच.२६४ आणि आवाज एएसी होईल, हे प्रकार जवळपास सगळ्या टीव्हींना चालतात. नवे फोन बऱ्याचदा एचईव्हीसी या नव्या प्रकारात शूट करतात, ते जुन्या टीव्हीला झेपत नाही, काळा पडदा आणि नुसता आवाज येतो. मग सबटायटलच्या टॅबमध्ये एसआरटी घ्या आणि ‘बर्न इन’वर खूण करा. ती विसरलात तर सबटायटल आत जातील पण उमटणार नाहीत, आणि तुम्ही परत इथे याल.

तिथे अक्षरं बेढब वाटली तर सबटायटल एडिटमध्ये एसआरटीची एएसएस करा (फॉन्ट आणि जागा ठरवता येणारी सबटायटल फाइल), फॉन्ट निर्मला निवडा (विंडोजमध्ये असतो) किंवा असेल तर मंगल आणि तिथल्या व्हिडिओ मेनूतूनच बर्न करा.

मूळ व्हिडिओ आणि एसआरटी मात्र जपून ठेवा. आणि लगेच ५२ मिनिटांना हात घालू नका. पहिली दोन मिनिटंच काढा आणि हॉलच्या टीव्हीवर लावून बघा.

मूळ फाइल किती मोठी आहे?

अण्णा_निवृत्त | सकाळी १०:४८
चांगला विषय. व्हिडिओ कॅसेटवरून संगणकावर घेताना आधी कॅसेटला बुरशी धरली आहे का ते बघावे. पट्टीवर पांढरे डाग दिसले तर ती व्हीसीआरमध्ये घालू नये, बुरशी आतल्या हेडला लागते आणि पुढच्या सगळ्या कॅसेट खराब होतात. व्हीसीआर चालू स्थितीत असेल तर जपा. ते बनवणारी शेवटची जपानी कंपनीसुद्धा २०१६ साली थांबली. माझ्याकडे मुलीच्या बारशाची कॅसेट आहे. इच्छुकांनी विपू (विचारपूस) करावी.

बोरीबंदर | सकाळी १०:५५
अण्णा, इथे कॅसेट कुणाकडेच नाहीये. :) पण माहिती कामाची, वाचनखूण साठवली.

खडीसाखर | सकाळी ११:२०
जरा अवांतर. अहिराणीचं प्रमाण मराठीत भाषांतर करताना सगळं धुऊन काढू नका. ‘शे’चं ‘आहे’ करा, पण भांड्यांची, नात्यांची, शेतातली नावं तशीच ठेवा. माझी आजीही खान्देशातलीच, भुसावळची. तिची भाषा ऐकून बरीच वर्षं झाली.

कान्हदेशी | सकाळी ११:२७
भुसावळ-जळगावकडची म्हणजे लेवा बोली असेल. ती वेगळी, अहिराणी वेगळी. सगळं खान्देशी एका पिशवीत घालू नका राव.

खडीसाखर | सकाळी ११:३१
आमच्या घरी तरी अहिराणीच म्हणायचे.

कान्हदेशी | सकाळी ११:३३
म्हणत असतील. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.

धुळ्याची_सून | दुपारी १:१२
भाषेचं भांडण प्लीज सोमवारी. फाइल ५.२ जीबी आहे. हँडब्रेक सुरू केलंय. तोवर पेनड्राइव्हवर मूळ फाइल टाकून बघत होते, तर ‘फाइल फार मोठी आहे’ म्हणतो. ३२ जीबीचा पेनड्राइव्ह आहे, रिकामा!

पानगळ | दुपारी १:२०
पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे. त्यात एक फाइल ४ जीबीच्या आतलीच मावते, बाकी जागा कितीही मोकळी असो. एक्सफॅट केलात तर मावेल, पण काही जुने टीव्ही एक्सफॅट वाचत नाहीत. चौदा घरांसाठी फॅट३२ च राहू द्या. हँडब्रेकमधून फाइल बरीच लहान होऊन येईल.

चकलीचा_सोऱ्या | दुपारी २:०५
फोनचा व्हिडिओ म्हणजे फ्रेमरेट कमी-जास्त होत असतो! हँडब्रेकमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’वर खूण करा. फ्रेमरेट बघा म्हणून मी कालपासून सांगतोय.

पानगळ | दुपारी २:०९
हे मात्र बरोबर. करून टाका.

विमानतळ_पुणे | दुपारी ३:४०
कॅनडावाल्यांसाठी पेनड्राइव्ह पाठवणार आहात का? यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ (लिंक असेल त्यालाच दिसेल असं) करून चढवा आणि दोन्ही एसआरटी तिथे वेगवेगळ्या जोडा, बघणारा भाषा निवडेल. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा व्हिडिओ पाठवाल तर तो दाबून बारीक करतो आणि बर्न केलेली अक्षरं चिखल होतात. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जातो. त्यांच्याकडे आयफोन असतील तर शेजारी ठेवलेली एसआरटी त्याचा स्वतःचा प्लेअर उचलत नाही, हेही लक्षात घ्या.

सातारी_तर्री | दुपारी ३:५२
आयफोनवर व्हीएलसी टाका की. फुकट आहे.

धुळ्याची_सून | शुक्रवार, रात्री १२:१७
नमुना हॉलच्या टीव्हीवर लावून आले. अक्षरं जुळलीत! वेलांट्या जागेवर, ‘प्रत्येक’ एकदम शुद्ध. पण खालची ओळ अर्धी कापली जाते. घरच्या टीव्हीवर तीच फाइल पूर्ण दिसते. आता काय?

पानगळ | रात्री १२:३०
तो टीव्ही चित्र थोडं मोठं करून कडा खातो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘जस्ट स्कॅन’ असं काहीतरी सापडेल. पण चौदा घरी जाऊन कोण बदलणार? त्यापेक्षा सबटायटल एडिटवाला रस्ता धरा, एएसएसच्या स्टाइलमध्ये खालचं अंतर वाढवा आणि ओळ जरा वर घ्या. आणि तीन-तीन ओळी असतील तर तोडून दोन करा, वरच्या ओळीखाली आजींची हनुवटी झाकली जाईल.

धुळ्याची_सून | सोमवार, दुपारी १२:४५
झालं सगळं. मराठीची फाइल १.३ जीबी झाली, चौदाही पेनड्राइव्हवर तीच. कॅनडासाठी यूट्यूबवर चढवलं. आता नवराच सगळ्यांना सांगतोय की सबटायटल ‘आम्ही’ केले.

आजींनी सुरुवातीची दहा मिनिटं पाहिली आणि विचारलं, मी बोलतेय ना धडधडीत, मग खाली परत लिहायचं कशाला? मग माझ्या आईने त्यांना सांगितलं की मला ते वाचूनच कळतंय. तर म्हणाल्या, लिहिणारीला सांगा, बाजरीच्या ठिकाणी ज्वारी लिहिलीय.

आता चौदा पेनड्राइव्ह वाटून झालेत.

सातारी_तर्री | दुपारी १२:५८
मी काही बोलत नाही.

पानगळ | दुपारी १:०३
बोलू नकोसच. सूनबाई, एसआरटीत तेवढा शब्द बदलून ठेवा, यूट्यूबवर लगेच दुरुस्त होईल. पेनड्राइव्हवाल्यांना ज्वारीच खाऊ द्या.