मदत हवी आहे: सॉल्व्हंट पंप रोज दुपारी ट्रिप व्हायलाय, मोटर बदलली तरी तेच

वाळूज_मेंटेनन्स
एप्रिल लागल्यापासून दुपारी पंप ट्रिप व्हायलाय. सकाळी आणि रात्री एकदम ओके. मोटर बदलली, कपलिंग नवीन टाकलं, डायल लावून अलाइनमेंट केली. आता शाफ्टजवळचं गळती अडवणारं मेकॅनिकल सीलपण गळायलंय. प्रॉडक्शनवाले डोक्यावर बसलेत. कुणाला अनुभव असेल तर लवकर सांगा.

चिकलठाणा_इलेक्ट्रिशियन
व्होल्टेज बघा आधी. दुपारी लाइनवर लोड असतो. व्होल्टेज पडलं की तेवढ्याच कामाला मोटर जास्त करंट ओढते आणि ओव्हरलोड रिले (जास्त करंटला मोटर बंद करणारा) उडतो. तिन्ही फेजला क्लॅम्पमीटर लावा.

जालना_मिल
ओव्हरलोड रिले थोडा वर करा. आमच्या रोलिंग मिलमधे असंच चालू आहे, काही होत नाही.

फिटरकाका
असलं काही सांगत जाऊ नका हो. नेमप्लेटच्या वर सेटिंग नेलं की वाइंडिंग जातं, आणि हा सॉल्व्हंट एरिया आहे, मिल नाही. वाळूजवाले दादा, पंपात काय आहे? सक्शन कुठून? सीलच्या ओ-रिंग कशाच्या? आणि पॅनेलवर ट्रिप कोणता दाखवतो?

नांदेड_आयटीआय
सर, माझा फिटर ट्रेड झालाय. वाळूजमधे अप्रेंटिसच्या जागा निघाल्यात का?

वाळूज_मेंटेनन्स
व्होल्टेज ४१२ आहे, तिन्ही फेज सारखे. पंपात रिकव्हरीचं ॲसिटोन. कंडेन्सरखालचा रिसीव्हर पहिल्या मजल्यावर, पंप खाली, तिथून डे टँकला. रिसीव्हरचा व्हेंट उघडा. ओ-रिंग विटॉन रबराच्या, स्टोअरमधे त्याच असतात.

फिटरकाका
ॲसिटोनला विटॉन! फुगून मऊ होतं ते. ॲसिटोनसारख्या किटोन सॉल्व्हंटला विटॉन चालतच नाही. टेफ्लॉनच्या घ्या, नाहीतर ईपीडीएम रबराच्या. सील गळण्याचं एक कारण इथंच सापडलं. ट्रिप कोणता ते अजून सांगितलं नाही.

लातूर_प्रोजेक्ट
सील पाहिजे कशाला? मॅग्नेटिक ड्राइव्ह (चुंबकानं फिरणारा, बिनसीलचा) पंप टाका. आम्ही सगळ्या सॉल्व्हंटला तेच केलंय, गळतीच नाही.

फिटरकाका
तो कोरडा चालला की आतलं बेअरिंग जातं, तेही महागाचं. सक्शनचा आजार असेल तर नवा पंपही तसाच मरेल.

वाळूज_मेंटेनन्स
अंडरकरंटचा ट्रिप आहे, म्हणजे करंट फार कमी झाला की बंद. एरवी ११ अँपिअर असतो, ट्रिपच्या आधी ७ वर येतो. डिलिव्हरी गेजचा काटा नाचतो, केसिंगमधे खडे फिरल्यासारखा आवाज येतो.

शेंद्रा_प्रोसेस
हे आधी सांगितलं असतं तर मोटर बदलायची वेळच आली नसती. करंट घटतोय म्हणजे पंपाला लिक्विड मिळत नाही. हे कॅव्हिटेशन आहे, म्हणजे पंपाच्या तोंडाशीच लिक्विडची वाफ होऊन बुडबुडे फुटतात. ॲसिटोन ५६ अंशाला उकळतं, आपल्या भागाच्या उंचीवर दोनेक अंश आधीच. रिसीव्हरमधे तापमान किती?

वाळूज_मेंटेनन्स
४९. कूलिंग टॉवरचं पाणी ३७ येतंय. बाहेर ४२ आहे, मग एवढं असणारच ना?

शेंद्रा_प्रोसेस
नाही, अजिबात नाही. टॉवर बाहेरच्या तापमानावर चालत नाही, वेट बल्बवर (ओल्या थर्मामीटरचं तापमान) चालतो. आपल्याकडे उन्हाळ्यात हवा कोरडी असते, त्यामुळे ४२ च्या दुपारीही वेट बल्ब २२-२४ च्या आसपास राहतो. चांगल्या टॉवरनं त्याच्या वर चार-पाच अंशांत पाणी द्यायला पाहिजे. ३७ येतंय म्हणजे फिल (पाणी पसरवणारे आतले पत्रे) किंवा नोझल चोंदलेत, नाहीतर फॅनचा बेल्ट घसरतोय. पाणी कुठलं वापरता?

चिकलठाणा_इलेक्ट्रिशियन
उन्हाळ्यात कुठलं असणार, बोअरचं! जायकवाडीचं पाणी कमी झालं की सगळे टँकरच्या मागे. आमच्याकडे तर टँकरवाल्यानं...

वाळूज_मेंटेनन्स
हो, मार्चपासून बोअरचं.

शेंद्रा_प्रोसेस
मग कंडेन्सरच्या ट्यूबमधे क्षार धरला असणार. टॉवर आणि कंडेन्सर दोन्ही उघडा. ४९ अंशाच्या ॲसिटोनचा बाष्पदाब वातावरणाच्या दाबाच्या इतका जवळ जातो की पंपाला लिक्विड न उकळता ओढायला जेमतेम दोनेक मीटरची मार्जिन आणि रिसीव्हरची उंची, एवढंच उरतं. त्यातून पाइप आणि स्ट्रेनर (सक्शनची गाळणी) यांचा लॉस वजा. सीलच्या दोन फेसमधली फिल्मही वाफ होते आणि फेस कोरडे घासतात, म्हणून नुसती ओ-रिंग बदलून सील टिकणार नाही. आणि व्हेंटकडे लक्ष द्या. एवढं गरम ॲसिटोन तिथून उडत असणार. त्याचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ पेट घेऊ शकते) उणे २० आहे, खाली वेल्डिंगचं परमिट कुणी देऊ नका.

जालना_मिल
म्हणजे रिले वर करूनही उपयोग नव्हता.

चिकलठाणा_इलेक्ट्रिशियन
उपयोग? अंडरकरंटला ओव्हरलोडचा काय संबंध?

वाळूज_मेंटेनन्स
शटडाउन रविवारीच मिळेल. तोवर काय करू?

फिटरकाका
ट्रान्सफर पहाटे घ्या. डिलिव्हरी व्हॉल्व्ह थोडा दाबून चालवा, फ्लो कमी झाला की पंपाची सक्शनची मागणीही कमी होते. अंडरकरंट ट्रिप बायपास करायला कुणी सांगितलं तरी करू नका, सील त्याच्यामुळेच अजून जागेवर आहे. स्ट्रेनर शेवटचा कधी काढला होता? जाळी किती मेशची आहे?

वाळूज_मेंटेनन्स
स्ट्रेनर आहे का तेच बघावं लागेल. लाइनला इन्सुलेशन आहे. थांबा, ड्रॉइंग काढतो.