मदत हवी आहे: बॉल पायथनचा फिका रंग पिल्लांत उतरतो का?
नागपूरहून विचारून राहिलो. माझ्याकडे बॉल पायथनचा नर आहे (आपला इथला अजगर नाही, तो पाळणं गुन्हा आहे, हा आफ्रिकेतला, सरकारच्या परिवेश पोर्टलवर रीतसर नोंदवलेला), त्याचे काळे पट्टे चहात दूध जास्त पडल्यासारखे फिके आहेत, कात टाकली तरी तसेच. साध्या मादीला लावला तर पाचही पिल्लं साधीच, घरचे म्हणे झालं तुझं संशोधन! पण रंग रिसेसिव्ह (म्हणजे आई-बाप दोघांकडून आला तरच दिसणारा) असला तर पहिल्या पिढीत दिसणारच नाही ना? आता त्यातलीच एक मादी मोठी करून बापालाच लावतो म्हणतो, हिशोबानं निम्मी फिकी यायला पाहिजे. पण पाच-सहा अंड्यांत एकही नाही आलं तर काय समजायचं? आणि अंड्यांना ३१-३२ डिग्री लागते, इथं मे महिन्यात खोलीच ४० ला जाते, कोणी उन्हाळ्यात उबवली असतील तर सांगा ना भाऊ.