मेकॅनिकल, पहिलं वर्ष: ड्रॉइंगच्या शीट परत येतायत, एम-वनमध्ये (पहिल्या सत्राचं गणित) ३० पैकी ९. आधी काय धरू?

निफाडची_मेकॅनिकल
नमस्कार दादा-ताई. नाशिकच्या एका कॉलेजात मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. निफाडहून रोज एसटीने ये-जा करते. सीईटीला (प्रवेश परीक्षेला) गणितात चांगले गुण होते, पण एम-वनच्या चाचणीत ३० पैकी ९ मिळाले. ड्रॉइंगच्या पाचपैकी तीन शीट परत आल्या: रेषा तिरक्या आणि व्ह्यू (वस्तूची समोरून, वरून, बाजूने दिसणारी चित्रं) चुकीच्या जागी. घरी पोचायला सात वाजतात, मग जर्नल (प्रयोगवही) लिहिण्यातच रात्र जाते. सत्र संपायला सात आठवडे उरलेत.

शीट_आणि_ड्राफ्टर
आधी ड्रॉइंग धर. दोन आठवड्यांत सुधारतं आणि एकदा बसलं की बिघडत नाही.

तिरक्या रेषांचं कारण बहुतेक वेळा हात नसून मिनी ड्राफ्टर (बोर्डाला कसायचं, सरळ रेषा ओढायचं पट्ट्यांचं साधन) असतो. बोर्डाच्या वरच्या कडेला, डाव्या कोपऱ्याजवळ तो घट्ट कस. आडवी पट्टी शीटच्या कडेशी जुळवून नॉब आवळ. मग शीटवर वर, मध्ये आणि खाली अशा तीन पुसट आडव्या रेषा ओढ आणि प्रत्येकीचं कडेपासूनचं अंतर दोन्ही टोकांना मोज. वरची बरोबर आणि खालची मिलिमीटरभर कलती असेल, तर ड्राफ्टरचे सांधे ढिले झालेत. सीनियरकडून घेतलेल्या जुन्या ड्राफ्टरचं हे नेहमीचं दुखणं. स्क्रू आवळून भागलं नाही तर बदलून टाक, त्यावर तासन्‌तास घालवू नकोस.

व्ह्यूंचं म्हणशील तर, आपल्याकडे फर्स्ट अँगल पद्धत चालते. म्हणजे वस्तू पाहणारा आणि कागद यांच्या मध्ये असते, त्यामुळे दिसलेलं चित्र पलीकडच्या बाजूला पडतं. वरून पाहिलेलं एक्स-वाय रेषेच्या (शीटवरच्या आडव्या संदर्भरेषेच्या) खाली, डावीकडून पाहिलेलं उजवीकडे. यूट्यूबवरचे बरेचसे अमेरिकन व्हिडिओ थर्ड अँगलचे असतात, तिथे वरून पाहिलेलं वरच काढतात. दोन्ही बघितलं की गोंधळ ठरलेला. व्हिडिओ सुरू करण्याआधी पद्धत कोणती ते बघ.

आकार डोळ्यासमोर येत नसेल तर कपड्याच्या साबणाची वडी घे आणि प्रश्नातल्या चित्राप्रमाणे सुरीने खाचा पाड. ज्या बाजूला बाण दाखवलाय ती बाजू डोळ्यासमोर धर, एक डोळा मीट आणि दिसतं तेवढंच काढ. मग वडी फिरवून वरून बघ. मागे लपलेली खाच तुटक रेषेने दाखवायची, भोकाला मध्यरेषा हवीच. शीट परत येण्यामागे या दोन रेषा विसरणं हेही मोठं कारण असतं. बांधकामाच्या रेषा २एच पेन्सिलने पुसट ओढ आणि बाह्यरेषा एच किंवा एचबीने एकदाच, ठाम. गिरवून जाड केलेली रेषा लगेच कळते.

गणित_गंगापूररोड
सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे होते, पर्याय समोर होते आणि चुकलं तरी गुण कापले जात नव्हते. पर्याय टाकून बघायची, उलटं सोडवायची सवय तिथे कामाची होती. इथे गुण पायऱ्यांना आहेत. शेवटचं उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे गुण मिळतात, आणि नुसतं बरोबर उत्तर लिहिलं तर फारच थोडे.

म्हणून रोज तीनच गणितं कर, पण वही बंद करून, कोऱ्या कागदावर, पहिल्या ओळीपासून. सोडवलेलं गणित वाचताना सगळं समजल्यासारखं वाटतं आणि परीक्षेत दुसरी ओळच सुचत नाही.

ताळा करायला शीक. आयगेन व्हॅल्यूचं उदाहरण घे: मॅट्रिक्सची पहिली ओळ ४, १ आणि दुसरी २, ३. कर्णावरच्या संख्यांची बेरीज ७, डिटरमिनंट १२ वजा २ म्हणजे १०. आयगेन व्हॅल्यूंची बेरीज ७ आणि गुणाकार १० यायलाच हवा. ५ आणि २ आल्या, बरोबर. बेरीज जुळली नाही तर तिथेच थांब. चुकीच्या व्हॅल्यूने आयगेन व्हेक्टर काढत बसलीस तर पानभर मेहनत वाया.

आणि कॅल्क्युलेटर बघ. स्क्रीनच्या वर बारीक डी आहे की आर? साइन पाय भागिले सहा टाकल्यावर ०.५ आलं पाहिजे. ०.००९१ आलं तर तो डिग्रीत आहे. मेकॅनिक्सला डिग्री लागते, एम-वनला बहुतेक रेडियन. पेपर सुरू होताना हे पहिलं तपास.

निफाडची_मेकॅनिकल
कॅल्क्युलेटरवर डी होता. साबणाचं उद्याच करते. पण जर्नलसाठी वेळ कुठून काढू? आणि मेकॅनिक्सचे प्रश्न इंग्रजीत वाचून पटकन कळत नाहीत.

पंचवटीची_ताई
जर्नल रात्रीवर टाकू नकोस गं. प्रॅक्टिकल सुरू असतानाच निरीक्षणाचा तक्ता पेनाने भर आणि लॅबमधून निघण्याआधी सही घे. सही राहिली की पुढच्या आठवड्यात आकडे आठवत नाहीत, मग दुसऱ्याचे उतरवावे लागतात आणि तोंडी परीक्षेत त्याच आकड्यांवर अडकतेस. आकडेमोड आणि आलेख त्याच दिवशी कॉलेजच्या वाचनालयात पाऊण तासात उरक. घरी फक्त उद्देश आणि कृती लिहायची राहील.

बसमध्ये लिहिता येत नाही, पण पाठ करता येतं. नाशिकच्या द्वारका चौकातल्या कोंडीत बस अडकली की शब्दांची छोटी वही काढ. पानाचे तीन भाग: इंग्रजी शब्द, मराठी अर्थ, छोटी आकृती. 'मोमेंट' म्हणजे क्षण नाही, आघूर्ण. 'कपल' म्हणजे बलयुग्म. 'मोमेंट ऑफ इनर्शिया' म्हणजे जडत्वाघूर्ण. 'स्मूथ' लिहिलं की घर्षण शून्य धरायचं, 'रोलर' म्हटलं की प्रतिक्रिया पृष्ठभागाला लंबच. प्रश्न वाचताना आधी हे शब्द आणि आकडे अधोरेखित कर, फ्री बॉडी डायग्राम (वस्तू सुटी काढून तिच्यावरची सगळी बलं दाखवणारी आकृती) काढ आणि मगच समीकरणाला हात घाल. दांडीचं वजन दिलेलं असताना आकृतीत दाखवायचं राहिलं की पुढचं सगळं चुकतं.

एसटीचा विद्यार्थी पास काढलास ना? त्यात ६६.६७ टक्के सवलत आहे, कॉलेजचं बोनाफाइड लागतं. आणखी एक, प्रवेश कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेरीतून झालाय का? घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि तू ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएसमध्ये असशील, तर २०२४ पासून मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर भरायचा. उत्पन्नाचा दाखला आणि कॅपचं अलॉटमेंट लेटर काढून ठेव, आणि आधार बँक खात्याला जोडलेलं आहे ना ते या शनिवारीच बँकेत जाऊन बघ.