मानेचा पट्टा आणि घरची कसरत: तुमचे अनुभव लिहा

सायली_ना
काल लिफ्टमध्ये सहाव्या मजल्यावरचा मुलगा भेटला. गळ्यात तो दोन भागांचा कडक पट्टा. बाईक घसरली म्हणे. त्याच्या आईचा ओढलेला चेहरा पाहिला आणि आमच्या दादांचं (सासरे) आजारपण आठवलं. दादा स्कूटरवरून पडले होते, मानेच्या दुसऱ्या मणक्याला तडा. ऑपरेशन टळलं, पण पट्टा रात्रंदिवस. नर्सने एकदा भराभर दाखवलं आणि आम्ही घरी.

घरी कळलं की आतली कातडी जपणं हेच मोठं काम. घाम, दाढीचे खुंट, ओला फोम. दादा गादीवर उताणे, उशी नाही. नवरा डोक्याशी बसून दोन्ही तळव्यांनी कानांजवळ डोकं घट्ट धरायचा. तेवढा वेळ दादांना कोणी काही विचारायचं नाही, कारण उत्तर द्यायला ते मान डोलवणारच! मग मी वेल्क्रो सोडून पुढचा भाग उचलायचे, हनुवटीखाली आणि गळ्याखालच्या हाडावर ओल्या मऊ फडक्याने पुसायचे, टिपायचे, कुठे लाल झालंय का बघायचे. दाढीही तशीच, आडवं असताना. मागची बाजू पुसताना पुढचा भाग परत बसवून डोकं, खांदे, कंबर एका रेषेत ठेवून कुशीवर वळवायचं. त्याला तिसरा माणूस हवाच, शेजारचे काका यायचे. वेल्क्रो किती ओढायचं त्याची पेनाने खूण केली होती, म्हणजे रोज तेवढंच घट्ट. पावडर नको, घामात तिचे गोळे होतात. फोमचा दुसरा जोड घ्या, एक वाळतोय तोवर दुसरा.

तुम्ही काय काय केलंत? त्या माउलीला वाचायला देणार आहे.

मालगुंडकर
भाऊ आंब्यावरून पडला, ऐन सीझनमध्ये. खाली बघता येत नाही म्हणजे ताटच दिसत नाही हो! टेबलावर उलटा डबा, त्यावर ताट, मग जमायला लागलं. पहिले दिवस पेज आणि मऊ भात. घास लहान आणि ताठ बसूनच, आडवं होऊन एक घोटही नाही. पाणी स्ट्रॉने. बाकी नंतर लिहितो, गिऱ्हाईक आलंय.

अनघा७१
दादांना दंडवत _/\_
पायपुसणी उचला सगळी!! आईला पायाखालचं दिसायचं नाही आणि नातू सतत पायात. जिना उतरताना एक जण पुढे, तिचा हात कठड्यावर.

विदर्भवासी
आमच्याकडे मे महिना होता. कूलरसमोर बसवलं तरी पट्ट्याखाली चिकचिक. बाबा चिडायचे, काढा म्हणायचे. आईने त्यांच्यासमोर बसून रोज पेपर मोठ्याने वाचला, अग्रलेखापासून निधनवार्तांपर्यंत. त्या वेळेला पट्ट्याची तक्रार नसायची.

फिजिओ_रेवा
सायलीताई, छान लिहिलंत. दोन गोष्टी. हा कडक पट्टा आणि दुकानात मिळणारा मऊ फोमचा पट्टा यात फार फरक आहे. मान दुखते म्हणून मऊ पट्टा स्वतःच आणून महिनोन् महिने घालू नका, स्नायू कमजोर होतात. आणि कडक पट्टा कधी, किती वेळ काढायचा ते फक्त तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं. हातापायाला नव्याने मुंग्या, पकड सुटणं, चालताना तोल जाणं, लघवी अडणं किंवा नकळत होणं, गिळायला-श्वासाला त्रास, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका. मागच्या बाजूला, डोक्याच्या उंचवट्यावर जखम चटकन होते आणि केसांत दिसत नाही. तिथे बोट फिरवून बघा.

मालगुंडकर
हो, भावाला तिथेच झाली होती. मग केस बारीक कापले.

लेस्टरची_मावशी
माझ्या यजमानांना हेलो होता, म्हणजे डोक्याभोवती कडं, कवटीत चार स्क्रू आणि छातीला जाकीट. बघूनच मला भोवळ आली होती. स्क्रूभोवती स्वच्छता कशी करायची ते नर्सने शिकवलं. माझे हात थरथरायचे आणि हेच मला म्हणायचे, "सावकाश, घाई नाही." कपड्यांचं मात्र काहीच बसेना. शेवटी जुने शर्ट खांद्यावर उसवून नाड्या लावल्या.

अनघा७१
मावशी, सलाम तुम्हाला. आईला पुढून बटणांचे गाऊन शिवले होते. डोक्यातून काही घालायचंच नाही.

पप्पू_पुणेकर
स्पीडब्रेकरला पांढरे पट्टे मारत नाहीत, मग हे असं होतं. माझा मेव्हणा याच पावसाळ्यात आपटला. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. हेल्मेटचा बंद लावा रे सगळ्यांनी.

विदर्भवासी
अगदी. आमच्या चौकातला तर रात्री दिसतच नाही.

सायली_ना
रेवा, खूप आभार, तुझं जसंच्या तसं पाठवते. पट्टा निघाला तेव्हाचंही सांगायला हवं. दादांना डोकं जड लागायचं, मान सुटल्याची भीती वाटायची. डॉक्टरांनी आधी घरात बसल्या बसल्या थोडा वेळ काढायला सांगितला, मग हळूहळू वाढवलं. कपाळावर तळहात ठेवून हलकेच दाबायचा व्यायाम त्यांनी सांगितल्यावरच सुरू केला. दादा तो बातम्या बघताना करायचे.

नवीन_सभासद
रात्री झोपायचं कसं? माझ्या बहिणीला कालच घरी आणलंय.

फिजिओ_रेवा
सध्या उताणंच, पट्टा घालूनच. उशी ठेवायची की नाही आणि किती जाड, ते डिस्चार्ज कार्डावर नसेल तर वॉर्डात फोन करून विचारा. उठताना आधी कुशीवर, मग पाय खाली सोडून हाताने रेटा देत बसायचं. सरळ उठवून बसवू नका. उशाशी घंटी ठेवा.

मालगुंडकर
आमच्याकडे देवघरातली ठेवली होती. नवीन_सभासद, पेजेला उकडे तांदूळ घ्या, चव येते. आणि तुम्हीही जेवा वेळेवर.