मदत हवी आहे : गावासाठी राबणाऱ्यांचा सत्कार, पण निवड कशी करावी?

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं लहानसं गाव. येत्या 23 फेब्रुवारीला, गाडगेबाबांच्या जयंतीला, श्रमदानात पुढाकार घेणाऱ्यांचा सत्कार करायचं ठरलंय. बाबांच्या नावानं चालणाऱ्या ग्रामस्वच्छता अभियानात बक्षीस गावाला मिळतं. ज्यांनी गाव उठवलं ते मागेच राहतात, याचं फार वाईट वाटतं.

भाषण देणारे सगळ्यांना दिसतात. पण आमच्या एक मावशी आहेत. मजुरीवरून आल्या की घरोघरी जाऊन उद्या कोण कोण येतंय ते विचारतात, अन् पहाटे सगळ्यांच्या आधी टेकडीवर जाऊन चुन्याच्या फक्कीनं समतल चरांची (पावसाचं पाणी अडवायला उताराला आडवे खणतात ते) आखणी करून ठेवतात. टिकासाचा दांडा सैल झाला तर पाचर ठोकणाऱ्याही त्याच. अशा माणसांची नावं पुढे यावीत कशी? चार पुढाऱ्यांवर सोडलं तर राजकारण शिरेल. 26 जानेवारीची ग्रामसभा आहे. तिच्याआधी महिला सभा होते, तिथेच नावं मागवावीत असं मला वाटतं. तुमचं काय मत?

अन् शाल-श्रीफळाऐवजी काय द्यावं? मावशी तर स्टेजवर यायलाच तयार नाहीत. कोणाच्या गावात असा कार्यक्रम झाला असेल तर कसा केला, रुसवेफुगवे कसे टाळले, ते जरा सविस्तर सांगा.