मदत हवी आहे: फोटो डिलीट करायला सांगितलं तर नकार कसा द्यायचा?

हौस म्हणून रात्री पुलाचे लाँग एक्स्पोजर फोटो काढतो. ट्रायपॉडवर कॅमेरा, प्रत्येक फोटोला शटर ३० सेकंद उघडं, म्हणजे एकाच जागी तासभर उभं राहणं आलंच. दोन महिन्यांत तिसऱ्यांदा पोलिसांनी हटकलं. आधी दोनदा ओळखपत्र आणि स्क्रीनवर फोटो दाखवले, विषय मिटला. परवा मात्र "सगळे डिलीट करा" म्हणाले. वाद नको म्हणून केले. (मेमरी कार्ड तसंच बाजूला ठेवलं, त्यावर नवीन काही काढलं नाही. रिकव्हरी सॉफ्टवेअरने बरेचसे परत मिळाले, त्यामुळे तो सल्ला नको.)

जागा सार्वजनिक, मनाईचा फलक नाही, ड्रोन नाही, कोणाचे चेहरे नाहीत, धंद्याचं काम नाही. शेजारी मोबाईलवर सेल्फी काढणाऱ्यांना कोणी हटकलं नाही, म्हणजे संशय ट्रायपॉडचाच असावा. पण तो सोडला तर हे फोटोच होत नाहीत. चौकीवर आधी कळवूनही पाहिलं. "लेखी परवानगी आणा" म्हणाले, कोणाची ते नाही सांगितलं.

या प्रसंगातून स्वतः गेलेल्यांनीच सांगा: आवाज न चढवता नकार देताना नेमके कोणते शब्द वापरलेत? आणि परवानगीचा अर्ज पोलिसांकडे करायचा, की पुलाची देखभाल ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे?